सोमवारकाकांची हरकत

आमदारांच्या कार्यालयात त्यांना सगळे सोमवारकाका म्हणत. उभी हयात पाणीखात्यात नळ जोडण्यात गेली, बायको देवाघरी गेली, मुलगी लांबच्या शहरात आपल्या संसारात गुरफटलेली. घर इतकं शांत की फ्रिज घरघरला तरी दचकायला व्हायचं. गल्लीतला दिवा बंद पडला म्हणून एका सोमवारी ते पहिल्यांदा त्या कार्यालयात गेले. टेबलामागच्या बाईंनी तक्रार लिहिता लिहिता सहज विचारलं, "काका, जेवलात का?" झालं! दिवा लागला, पण काकांचा सोमवार काही सुटेना.

तक्रारी काय, शोधल्या की सापडतात. कधी गटाराचं झाकण, कधी बसथांब्याचं छप्पर. बाईंना सगळं कळत होतं. त्या मान डोलवत लिहून घ्यायच्या आणि काका भिंतीलगतच्या बाकावर आपला कोपरा धरून बसायचे. हळूहळू निम्मा कारभार त्यांनी न विचारताच अंगावर घेतला. नवा माणूस आला की आधी पाणी विचारायचं, मग पत्ता. माणूस पुलापलीकडचा निघाला तर ते मायेनं पण ठामपणे सांगायचे, "तुमचे आमदार वेगळे. तुमचं मत तिकडे, म्हणजे गाऱ्हाणंही तिकडेच. इथे बसून दिवस फुकट जाईल तुमचा." एखादा हुज्जत घालायचा की आमदार कुठलाही असो, विधानसभा तर एकच ना? त्यालाही काका पुलापर्यंतचा रस्ता नीट समजावून द्यायचे. नियम म्हणजे नियम. त्या बाकावर त्यांचा रुबाब काय वर्णावा!

मग जनगणना झाली. पुलाच्या अलीकडे इमारतींवर इमारती उठल्या होत्या आणि पलीकडची वस्ती रोडावली होती. प्रत्येक आमदारामागे माणसं साधारण सारखी हवीत, नाहीतर एकाच्या मताला वजन जास्त आणि दुसऱ्याच्या मताला कमी. म्हणून मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखायचं ठरलं. कच्चा नकाशा लोकांनी बघावा आणि हरकती सांगाव्यात म्हणून एका हॉलमध्ये लावला. काकांनी चष्मा पुसून आपली गल्ली शोधली आणि पुन्हा एकदा चष्मा पुसला. रेघ गल्लीच्या मधोमध गेली होती. काकांची बाजू होती तिथेच राहणार होती, समोरची बाजू मात्र पुलापलीकडे जाणार होती.

समोर शिवणकाम करणारी वहिनी राहायची. गल्लीत काकांशी आपणहून बोलणारी तेवढी एकच. मतदानाला दोघं बरोबर जायची. वाटेत ती नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची आणि काका पोट धरून हसायचे. आता तिचं मतदान वेगळं, आमदार वेगळा.

खरं तर काका गप्प बसले असते तर त्यांच्या बाकाला धक्काही लागला नसता. पण हरकती ऐकायला बसलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?" आणि हा माणूस उठला.

"साहेब, गल्लीत नळाची लाइन एक, गटार एक, दिवाही एकच. तो दिवा गेला तर आम्ही दोन आमदारांची दारं वाजवायची का? रेघ कुठेही मारा, पण गल्ली तोडू नका. एवढंच म्हणणं आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांसाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. घरी येईपर्यंत त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

हरकत मान्य झाली. पक्क्या नकाशात गल्ली अख्खी होती, आणि अख्खीच्या अख्खी पुलापलीकडच्या मतदारसंघात होती. अलीकडे माणसं आधीच जास्त झालेली. गल्ली एकत्र ठेवायची तर तिकडेच ढकलावी लागणार, हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनी खिडकीतून ओरडली, "काका, तुमच्यामुळे हो! गल्ली वाचवलीत!"

"हो ना," काका म्हणाले आणि दार लावून घेतलं. मग खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. बायको गेली तेव्हा भेटायला माणसं येत होती. या वेळी कुणाला सांगणार, की माझा बाक गेला?

निवडणूक होईपर्यंत जुनेच आमदार होते, तोवर सोमवार चालले. निवडणूक झाली आणि काका मुकाट पूल ओलांडून नव्या कार्यालयात गेले. तिथली मुलगी भारी चुणचुणीत. बसथांब्याच्या छपराची तक्रार तोंडातून पुरती निघायच्या आत तिनं कॉम्प्युटरवर टाकलीसुद्धा. "होईल काम. आणि काका, एवढं चालत कशाला आलात? नंबर घ्या, फोनवर सांगितलं तरी चालतं." तिचं काहीच चुकलं नव्हतं. छप्पर खरोखर दुरुस्त झालं. फक्त त्या कार्यालयात बसायला बाक नव्हता.

पुढच्या सोमवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाय जुन्या वाटेलाच लागले. बाई फोनवर बोलत होत्या. त्यांनी लांबूनच हात हलवला. काकांच्या कोपऱ्यात दुसरेच एक आजोबा बसले होते. काका त्यांच्या शेजारी टेकले.

"पत्ता काय आपला?" आजोबांनी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. काकांनी गल्लीचं नाव सांगितलं.

"अरेरे! मग तुमचे आमदार वेगळे. तुमचं मत तिकडे, म्हणजे गाऱ्हाणंही तिकडेच." शब्द काकांचेच होते; बाईंनी शिकवले असणार.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "फक्त एक करत जा. आधी पाणी विचारत जा. माणूस चालून आलेला असतो."

आजोबा ओशाळले. लगबगीनं उठून त्यांनी पेला भरून आणला. पाणी होतं तोवर बसता येणार होतं, म्हणून काकांनी ते अगदी घोट घोट करत संपवलं.