टेकाडावरच्या चार खुंट्या

एप्रिलच्या अकरा तारखेला, बर्फ वितळून झालेला चिखल जरासा सुकल्यावर, ऑर्फा लिक्टीने आपल्या शेताच्या पश्चिमेकडच्या टेकाडावर चार खुंट्या ठोकल्या आणि त्यांना नारिंगी फिती बांधल्या. वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा धड आणि दुसरा अधू. पण हातोडा तिने कोणाच्या हाती दिला नाही.

टेकाड दगडाळ होतं. तिथला मका कधी कमरेच्या वर गेला नव्हता. दर वसंतात नांगराने वर येणारे धोंडे तिने आणि तिच्या नवऱ्याने, एल्मरने, चाळीस वर्षं वेचले, ते तिथेच रचले. दुपारच्या चहाचा थर्मास घेऊन एल्मर त्याच धोंड्यांवर बसायचा. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. घर बांधायचं तर इथेच, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

घर तर हवंच होतं. शेत आणि ऐंशी गाई आता तिची भाची कोलीन आणि तिचा नवरा सांभाळत होते. तीन मुलांसह ते मोठ्या घरात राहायला येणार होते, आणि एका चुलीवर दोन स्वयंपाकिणी नांदत नाहीत हे ऑर्फाला कोणी सांगायला नको होतं. टेकाडावरचा अर्धा एकर शेतातून तोडून वेगळा करायला टाउनशिपने, म्हणजे इथल्या पंचायतीने, परवानगी दिली, तर तिचं म्हातारपण शेतावर जाणार होतं. नाही दिली, तर बारा मैलांवरच्या शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्या ती पाहून आली होती. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसत होती, दुसरं काही नाही.

अडचण एकच होती. शेतजमिनीचे तुकडे घरांसाठी तोडू नयेत, हा आमच्या नॉर्थ हॅलम टाउनशिपचा नियम अठरा वर्षांपूर्वी ऑर्फानेच रेटून करून घेतला होता.

तेव्हा ती नियोजन समितीवर होती. त्या सभेला घडीच्या खुर्च्या पुरल्या नाहीत. माणसं भिंतीला टेकून उभी होती. "जमीन हीच आमची पेन्शन आहे," एक जण ओरडला. "जन्मभर पहाटे उठून दूध काढलं. आता म्हातारपणी चार प्लॉट विकले तर तुमच्या का पोटात दुखतं?"

"चार तू विकशील, चार तुझा शेजारी विकेल," ऑर्फा म्हणाली होती. "मग शहरातली माणसं हौसेने राहायला येतील, आणि शेणाचा पहिला टँकर रानात फिरला की तक्रारीचे फोन लावतील. त्या वेळी घरं हलणार नाहीत, गाई हलवाव्या लागतील. एकदा तोडलेलं रान पुन्हा रान होत नाही."

त्यांचंही खोटं नव्हतं, तिचंही खोटं नव्हतं. नियम एका मताच्या फरकाने पास झाला, आणि ते मत तिचं होतं. पलीकडच्या शेतावरच्या वेंडेल मकॉर्डने थोरल्या मुलाच्या घरासाठी तुकडा मागितला होता, तो त्यातच बारगळला. मुलगा शहरात गेला तो गेलाच. पुढची दोन वर्षं वेंडेल तिच्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला.

मग एका जानेवारीत वेंडेलचा गोठा जळाला. गाई वाचल्या, छप्पर गेलं. त्याच दुपारी त्याच्या बावन्न गाई लिक्टींच्या गोठ्यात आल्या आणि सात महिने तिथेच राहिल्या. दोन्ही घरांनी पाळ्या लावून दूध काढलं. त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी लिक्टींच्या दाराशी सुक्या मेपल लाकडांची एक गाडी येऊन पडली, आणि त्यानंतर दरवर्षी पडत राहिली.

नियमात एक सवलत होती. निवृत्त होणाऱ्या शेतकऱ्याला एखादा तुकडा मिळू शकत असे, पण शेजाऱ्यांपैकी कोणाची हरकत नसेल तरच. ऑर्फाचा अर्ज गेला, शेजाऱ्यांना पत्रं गेली. "आता वेंडेलचा डाव," असं दूध नेणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरपासून चर्चच्या तळघरात चहाला जमणाऱ्या बायकांपर्यंत सगळे म्हणत होते. तीस दिवसांची मुदत संपली. वेंडेलने हरकत घेतली नाही.

मेच्या चौदा तारखेला ऑर्फाने डझनभर बटर टार्ट, लोणी-साखरेचं सारण भरलेल्या खुसखुशीत वाट्या, भाजले आणि डबा घेऊन त्याच्याकडे गेली. तो गोठ्यामागे उकिडवा बसून सुतळी गुंडाळत होता.

"बटर टार्ट? कोण गेलं?" त्याने विचारलं. आमच्याकडे टार्टांचा डबा निघतो तो बहुधा मयताच्या घरी.

"कोणी गेलं नाही. तू हरकत घेतली नाहीस म्हणून आणलेत."

"मनुका घातल्यात?"

"घातल्यात."

"मग घ्यायला हवी होती हरकत."

ऑर्फा हसली. मग तिचं लक्ष जमिनीकडे गेलं. गोठ्याच्या मागच्या भिंतीपासून दूरवर ओळीने खुंट्या मारलेल्या होत्या. अर्ध्या उपटून झाल्या होत्या.

"हे काय आखलं होतंस?"

"टोमॅटो लावावेत म्हटलं."

"दीडशे फूट टोमॅटो?"

"भूक दांडगी आहे माझी."

तेवढ्यात त्याची मुलगी टेरा बादली घेऊन बाहेर आली. शेतकी कॉलेज संपवून ती दोन वर्षांपूर्वी घरी परतली होती, ती इथे राहायच्या इराद्याने. खुंट्यांकडे बघत ती म्हणाली, "बाबा, सांगा की काकूंना."

"तू वासरं बघ," वेंडेल म्हणाला.

ऑर्फाने मान वर केली. मेपलच्या राईला पानं अजून दाट फुटली नव्हती. त्या विरळ फांद्यांतून, समोरच्या टेकाडावर, तिच्या नारिंगी फिती फडफडत होत्या. उन्हाळ्यात त्या दिसल्याही नसत्या.

मग तिला हिशोब लागला. एल्मरचं मोजणीचं चाक घेऊन ती स्वतःच्या गोठ्यापासून टेकाडापर्यंत दोनदा चालली होती. वेंडेलच्या गोठ्यापासून एकदाही नाही. गोठा जितका मोठा, तितका वास जास्त, आणि तितकं घर त्यापासून लांब हवं. आणि घर एकदा उभं राहिलं की गोठ्याने त्याच्या दिशेने वाढायचं नाही. हे कलम तिनेच लिहिलेलं होतं. आहे त्या गोठ्याला अंतर पुरत होतं. पण दीडशे फूट म्हणजे आणखी साठ गाई; टेराने तेवढ्या वाढवल्या की पुरणार नव्हतं. चाळीस वर्षं ज्या वासात श्वास घेतला, तो वास नाकाने तिला सांगणं कधीच सोडून दिलं होतं, म्हणून दुसऱ्या गोठ्याची तिला आठवणच झाली नव्हती.

"माझं घर तिथे झालं तर हिचा गोठा होत नाही," ती म्हणाली.

"दुसरीकडे बांधू."

"कुठे? ओढ्यात?"

वेंडेलने सुतळीचा गुंडा खिशात कोंबला. "सात महिने माझ्या गाई तुझ्या छपराखाली होत्या, ऑर्फा. मागची पाळी मला मिळावी, मला जरा झोप मिळावी, म्हणून एल्मर पहाटे तीन वाजता उठायचा. मी कुठल्या तोंडाने हरकत घेऊ?"

"मनुकांबद्दल बोलायला बरं तोंड उघडतं!" ती चिडून म्हणाली. "गप्प बसून माझं भलं कर, असं कोणी सांगितलं होतं तुला? पोरीचं काय?"

डबा तिथेच कुंपणाच्या खांबावर ठेवून ती निघाली. वाटेत तिने डोळे पुसले. राग होता की आणखी काही, हे तिचं तिलाही त्या वेळी नीट कळलं नाही.

वीस तारखेला सुनावणी होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "मी अर्ज मागे घेते. मोजणीत चूक झाली. मी एकाच बाजूने मोजलं."

"अठरा वर्षांनी कबूल केलं!" मागून कोणी तरी म्हणालं, आणि सगळं सभागृह हसलं. ऑर्फाही हसली. खाली बसताना मात्र तिला तिसऱ्या मजल्यावरची ती खिडकी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वेंडेल हजर. काखेत टेकाडावरच्या चार खुंट्या, हातात टेप. दारात नमस्कार-चमत्कार न करता तो घराला वळसा घालून मागे गेला, जुन्या उन्हाळी स्वयंपाकघरापाशी. पूर्वी उकाड्यात चूल तिथे पेटायची; आता तिथे बूट, फुटक्या बादल्या आणि मांजरी असत.

"तोडलेल्या तुकड्यावर घर नको, असं तू लिहिलंस," तो म्हणाला. "आहे त्या घराला खोल्या जोडू नयेत, असं कुठे लिहिलंयस? विहीर तीच, वाट तीच. माझ्या गोठ्यापासून तर मैलभर लांब."

आमच्या रस्त्यावरचे जुन्या वळणाच्या मेनोनाइट ख्रिस्ती पंथाचे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत: मुलगा कर्ता झाला की म्हातारा-म्हातारी शेजारच्या जोडघरात जातात. जन्मभर ती घरं तिने येता-जाता पाहिली होती. स्वतःसाठी तसं काही तिच्या मनात आलं नव्हतं.

"पण दोन स्वयंपाकिणी..."

"दोन दारं. मध्ये जाड भिंत. काय कोलीन, भागेल ना?"

"भिंत कितीही जाड घाला," कोलीन दारातून म्हणाली, "आत्याच्या सूचना पलीकडून येतीलच. येऊ देत. मला हव्याच आहेत."

वेंडेलने पहिली खुंटी जमिनीवर टेकवली आणि हात पुढे केला. ऑर्फाने दाराआडून आपला हातोडा आणला, आणि तो त्याच्या हाती दिला.

त्या उन्हाळ्यात आळीपाळीने माणसं आली. अठरा वर्षांपूर्वी पेन्शनवरून ओरडलेल्या गृहस्थांनी छताचे पत्रे बसवले आणि बसवताना तिला भरपूर ऐकवलं. ती खाली उभी राहून खिळे देत होती. मका कापायच्या आत दोन खोल्या उभ्या राहिल्या, एक खिडकी पश्चिमेला. तिच्यातून टेकाड दिसतं, त्यावरचा धोंड्यांचा ढीग दिसतो, आणि पानगळ झाली की राईपलीकडे टेराच्या नव्या गोठ्याचं छप्परही दिसतं.

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला, सुगीनंतरच्या कृतज्ञतेच्या सणाला, तिने मकॉर्डांना जेवायला बोलावलं. जेवणाआधी टेबलाभोवती प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची असते, कशाबद्दल आपण कृतज्ञ आहोत ती. टेराने गोठा सांगितला, मुलांनी मांजरी. पाळी ऑर्फावर आली तेव्हा तिने समोरचा काटा सरळ केला, मग सुरी, मग पुन्हा काटा.

"टर्की गार होतेय," वेंडेल म्हणाला.

ती उठली, ओट्यावरून दोन थाळ्या आणल्या आणि एक थेट त्याच्यासमोर ठेवली. दोन्हींत बटर टार्टच होते, पण त्याच्या थाळीतल्या टार्टांत एकही मनुका नव्हती. लिक्टींच्या घरात असं आजवर झालं नव्हतं.

वेंडेलने एक उचलला, सगळ्यांच्या आधी, प्रार्थनेच्याही आधी, आणि सावकाश चावून खाल्ला.

"काही तरी कमी पडतंय," तो म्हणाला, आणि त्याने दुसरा घेतला.