सीनेची वाळू

माझे सासरे विलास भिंगारदिवे चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आणि त्यातली बहुतेक त्यांनी फायलींवर शेरे मारण्यात घालवली. घरीही तीच सवय. भाजीवाल्याने कोथिंबीर कमी दिली की म्हणायचे, "याची नोंद घ्या." स्वयंपाकघरात त्यांचं पाऊल वर्षातून एकदाच पडायचं, नाताळच्या दोन दिवस आधी, केक फेटायला. एरवी साखर कुठल्या डब्यात असते हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी एकदा म्हटलं, "अप्पा, साखरेचा डबा तरी पाहून ठेवा." तर म्हणाले, "तो विभाग माझ्याकडे नाही."

केक खरा आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. अप्पांचा फक्त हात. शालिनीबाई १९६४ साली लग्न होऊन नगरहून दिल्लीला आल्या, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत चार साड्या, एक बायबल आणि कापडी पिशवीत पाच शेर वाळू होती. सीना नदीची. घरात ओव्हन कुणाकडे होता? जाड बुडाच्या पातेल्यात वाळू पसरायची, तिच्यात केकचा डबा अर्धा रोवायचा, पातेलं शेगडीवर ठेवायचं आणि झाकणावर निखारे. केक झाला की वाळू गार करून परत पिशवीत. दरवर्षी वापरण्याआधी ती धुवायच्या, वाळवायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "नगरची वाळू आहे, म्हणून केकला नगरची चव येते." दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत, आमच्या जिन्यात, बंगाली, तमिळ, पंजाबी सगळे होते. दिवाळीला त्यांची ताटं आमच्याकडे, नाताळला आमचा केक, करंज्या आणि चकल्या त्यांच्याकडे.

मी मूळची साताऱ्याची, हिंदू घरातली. माझ्या माहेरी केक म्हणजे बेकरीतून खोक्याला सुतळी बांधून आणायची वस्तू. लग्नानंतर नऊ वर्षं मी आईंचा केक नुसता खाल्ला, शिकले काही नाही. शिकायला काय, पुढच्या वर्षी शिकू, असंच चाललं होतं.

१९९७च्या एप्रिलात अप्पा रिटायर झाले आणि मे महिन्यात क्वार्टर सोडून आम्ही नोएडाला आलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वतःचा. आजूबाजूला निम्मी घरं बांधलेली, निम्मी बांधायची, आणि वीज यायची ती पाहुण्यासारखी. सामान बांधायचं काम माझ्याकडे होतं. जुनं सामान पाहिलं की माझं डोकं फिरतं, हे मी लपवत नाही. ती पिशवी मी दर डिसेंबरात पाहिली होती. पण मे महिन्याच्या उन्हात, खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत असताना, माळ्यावरची मळकी पिशवी मला कुंड्यांची माती वाटली. दिली फेकून. निखिलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, स्कूटरवर मागे बसून यमुनेचा पूल ओलांडताना मला आठवलं की ती माती नव्हती.

डिसेंबरला अजून सात महिने होते. योग्य वेळ बघून आईंना सांगू, असं ठरवलं. सप्टेंबरात आईंना ताप आला आणि दहा दिवसांत त्या गेल्या. सांगायचं राहूनच गेलं.

दिवाळी आली आणि गेली. आमच्या दारी एकही ताट आलं नाही. येणार कुठून, जिन्यात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. अप्पांनी एकदाच सांगितलं, "यंदा आपल्याकडे नाताळ नाही." मग ते बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या प्लॉटवर चाललेलं बांधकाम बघत बसायचे. कोथिंबीर कमी आली तरी नोंद नाही. चहा गार झाला तरी तक्रार नाही. मला त्याचीच धास्ती वाटायला लागली. माणूस रडला तर समजतं, पण शेरे मारणाऱ्याने शेरे मारायचं सोडलं तर काय करायचं?

बावीस डिसेंबरला सकाळी अप्पा मफलर शोधत होते. आईंचं कपाट त्यांनी सप्टेंबरानंतर पहिल्यांदा उघडलं. थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मफलर नव्हता. हातात चिनी मातीची बरणी होती.

बेदाणे, संत्र्याच्या साली, टुटीफ्रुटी, सगळं आर्मी कँटीनच्या रममध्ये बुडालेलं. आई दर ऑगस्टात हे भिजत घालायच्या आणि चर्चमधल्या बायकांना सांगायच्या की हा काळ्या चहाचा रंग आहे. या ऑगस्टातही त्यांनी घातलं होतं.

माझी सहा वर्षांची मुलगी सोनम आमच्या दोघांमध्ये घुसली आणि वास घेऊन म्हणाली, "आजोबा, केक बन रहा है?" ती दिल्लीत वाढलेली, आनंद झाला की हिंदीत बोलते.

अप्पांनी खाकरून घसा साफ केला. "रेवती, हे प्रकरण प्रलंबित ठेवता येणार नाही. उद्याच निकालात काढू. शेगडी, पातेलं, डबा आणि हिची ती वाळू काढून ठेव."

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? तीन महिन्यांनी माणूस ताठ उभा होता. त्याला मी सांगू की बाईंची तेहतीस वर्षांची वाळू मी कचऱ्यात टाकली?

संध्याकाळी अप्पा सोनमला घेऊन अंडी आणायला गेले. मी बादली घेऊन समोरच्या प्लॉटवर गेले. तिथे ढीगच ढीग. कामगार चहाला गेलेले. अंधार पडत होता, थंडीने हात आखडलेले. हाताला लागला तो ढीग उपसला आणि तीन जिने चढून आले. आई वाळू धुवायच्या, म्हणून मीही धुतली. पाणी राखाडी निघालं, मला वाटलं धूळ असेल. आणखी धुतलं असतं तर बरं झालं असतं, पण अप्पांची पावलं जिन्यात वाजली. मी घाईघाईने ती ओली वाळू पातेल्यात भरली आणि आईंचा केकचा डबा मधोमध रोवून ठेवला, म्हणजे सकाळपर्यंत त्याची जागा तयार होईल. वर झाकण टाकलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपले.

सकाळी डबा हलेना. मी ओढला, पिरगाळला, पातेलं पायात धरून ओढला. बोटाने वाळू टोकरली तर नख मोडलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी वाळू आणली नव्हती, गवंड्यांनी कोरडी कालवून ठेवलेली सिमेंट-वाळू आणली होती. आईंचा डबा पातेल्यात पक्का बांधला गेला होता.

"अगं बाई गं! मेले मी!" मी ओरडले, आणि ओरडले ते बाल्कनीत उभी राहून.

अप्पा धावत आले. त्यांनी झाकण उचललं, आत बोटांनी टकटक केलं. पातेल्यातून भिंतीचा आवाज आला.

मग मी सगळं सांगितलं. माळा, ट्रक, पिशवी, पूल, सात महिने. आईंना सांगायचं राहिलं तेही. सांगता सांगता मला रडू फुटलं, कारण मला खरंच वाटत होतं की मी त्या बाईंचा शेवटचा केकही सिमेंटात गाडला. अप्पांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हेही रडतायत. बघते तर ते हसत होते. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग भिंतीला टेकून खाली बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण सूनबाई, केकचा पाया घालताना कुणाला पाहिलं नाही!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे मिश्यावाले गृहस्थ. सात महिने मी त्यांना जिन्यात "नमस्तेजी" म्हणत होते आणि तेही "नमस्तेजी, कैसे हैं" म्हणत होते. आज ते म्हणाले, "ताई, कुणाला लागलं का? आणि तुम्ही मराठी हाय, हे आधी का नाय सांगितलं?"

हणमंतराव हे सुभेदार म्हणून फौजेतून रिटायर झालेले, आता एका कारखान्यात सिक्युरिटीला. गाव माझ्या माहेरापासून दहा कोसांवर. सात महिने आम्ही दोन मराठी घरं एकमेकांशी मोडकं हिंदी बोलत होतो! त्यांनी पातेलं पाहिलं, मिशीत हसू दाबलं आणि खाली जाऊन प्लॉटवरच्या मिस्त्रीलाच घेऊन आले.

मिस्त्रीने माल ओळखला. "मैडम, ये तो हमारा मसाला है." मग टिचकी मारून तोंड वाकडं केलं. "आपने धो दिया. कमज़ोर कर दिया."

"छिन्नी से निकलेगा?" हणमंतरावांनी विचारलं.

"निकलेगा, पर डिब्बा पिचक जाएगा. आग पे रखिए, धीमी आँच. कच्चा माल है, चटक के ख़ुद छोड़ देगा."

अप्पा उठून उभे राहिले. "मग ठीक आहे. आगीवर तर ठेवायचंच आहे. आधी केक."

आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. माझ्याकडे पाककृती नव्हती, आईंनी कुठे लिहून ठेवली नव्हती. पण अप्पांचा हात तेहतीस वर्षं त्या परातीत फिरला होता. लोणी-साखर किती फेटायची हे त्यांना तोंडाने सांगता येईना, मात्र फेटता फेटता ते मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "नाही, अजून जड आहे. ही म्हणायची, विलास, हात दुखायला लागला की मग अजून शंभर." सोनम शंभर मोजायला बसली, साठानंतर चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अप्पांनी ते बिनतक्रार मान्य केलं. शेवटी त्यांनी पिठाचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकला. तो तरंगला. "मंजूर," अप्पा म्हणाले, आणि मी परातीवर वाकून डोळे पुसले.

डब्याला तूप लावून, कागद घालून पीठ ओतलं. पातेलं उचलायला दोन माणसं लागली, निखिल आणि हणमंतराव. बाल्कनीत शेगडी, झाकणावर निखारे. तासाभराने पातेल्यातून टक्क असा आवाज आला. सोनम किंचाळली. मिस्त्री समोरच्या बांधकामावरून ओरडला, "बोला था ना!" आणखी एक टक्क. मग वास सुटला. तो जिन्यातून खाली उतरला आणि एकेक दार उघडायला लागलं. बारीकसारीक चौकशा सुरू झाल्या. सात महिन्यांत ज्यांची नावं कळली नव्हती, त्यांची त्या दुपारी कळली.

हणमंतरावांच्या शेवंताबाई वर आल्या त्या करंज्यांचं ताट घेऊनच. घरात गव्हाचं पीठ, गूळ, खोबरं होतं म्हणे, तासात केल्या. माझ्या हातात ताट देत म्हणाल्या, "घरातलं माणूस गेलं त्या वर्षी सण शेजारणीनं गोड करायचा असतो. दिवाळीला ठाऊक नव्हतं ओ, नाहीतर तेव्हाच आले असते." दिवाळीपासून माझ्या मनात जे टोचत होतं ते त्या एका वाक्याने निघून गेलं.

तीन तासांनी झाकण काढलं. सिमेंटला चारी बाजूंनी तडे गेले होते. मिस्त्रीने येऊन पातेल्याच्या बुडाला हातोडीचे दोन हलके ठोके दिले आणि ढेकळं सुटली. डबा सहीसलामत हातात आला. केक एका बाजूला जरा जास्त लाल झाला होता आणि मध्ये किंचित बसला होता. पण कापला तेव्हा आतून तोच गडद रंग, तेच बेदाणे. पहिला तुकडा अप्पांना दिला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मिस्त्रीसुद्धा.

अप्पांनी डोळे मिटून खाल्लं. मग म्हणाले, "नगरची चव आहे."

"अप्पा, मला बरं वाटावं म्हणून बोलू नका," मी म्हटलं. "सीनेची वाळू मी फेकली. हे नोएडाचं सिमेंट आहे."

"सीनेची वाळू तू नाही फेकलीस." त्यांनी बोटावरचा केक चाटला. "एकाहत्तर साली शालिनी बहिणीच्या बाळंतपणाला नगरला गेली होती. मांजरीने पिशवीत नको तो उद्योग केला. मी सगळी वाळू टाकून दिली आणि समोरच्या प्लॉटवरून नवी आणून भरली. तेव्हा आर. के. पुरमही असंच बांधत होते. तिला कधी सांगितलं नाही. दरवर्षी सांगू म्हणायचो, आणि दरवर्षी ती केक खाऊन म्हणायची, बघ, नगरची चव."

सव्वीस वर्षं हा माणूस गप्प राहून केक फेटत होता, आणि मी सात महिन्यांतच अर्धमेली झाले होते.

"फरक एवढाच," अप्पा दुसरा तुकडा उचलत म्हणाले, "मी मिस्त्रीला विचारून आणली होती. याची नोंद घ्या."