तानाबाईची घोटाई

‘बाटल्या धुणारी’ म्हटलं की तानाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मलकापूरच्या कॉलेजात ती प्रयोगशाळेची परिचर होती खरी. पण त्याआधी वीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर मार्का मारायची शाई तिनंच घोटली होती. काजळी आणि धावड्याचा डिंक. तिच्या डब्यातली काजळी कधी तळाला गेली नाही, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची.

प्रयोगशाळेतल्या चंद्रशेखर सरांचं ग्राफीन मात्र रोज तळाला जायचं. कार्बनचे ते अतिपातळ पापुद्रे पाण्यात टाकले की एकमेकांना चिकटत, गुठळ्या होत आणि वर नितळ पाणी उरे. मग सर वरून महागडं पॉलिमर ओतत. उपयोग शून्य.

“गुठळी झाल्यावर वतलं तं ते गुठळीलेच लागन ना, सर,” तानाबाई म्हणाली. “आधी डिंकात घोटा. मंग थेंबथेंब पानी.”

“तुम्ही बाटल्या धुवा.”

झालं! शुक्रवारी सर वर्गावर गेले आणि बाईनं चिमूटभर ग्राफीन खलात घेतलं, भिजवलेल्या डिंकात मनगट भरून येईतो घोटलं, पाणी घालत घालत बाटलीत भरलं. सर आले ते भडकलेच.

“कुणाला विचारून हात लावलात? सोमवारी चला प्राचार्यांकडे. नोकरी जाईल तुमची!”

घरात कमावती ती एकटीच. तरी मान खाली गेली नाही.

“सोमवारपरेंत बाटली हलवू नका. काळं खाली बसलं तं राजीनामा मीच लिहून देईन.”

शनिवार-रविवार तिला घास गोड लागला नाही.

सोमवारी बाटली वरपासून खालपर्यंत काळीभोर होती. सरांनी ती उजेडात धरली, तिरपी केली. तळाशी कण नाही.

“डिंकही पॉलिमरच,” ते पुटपुटले. “पापुद्र्या-पापुद्र्यावर अस्तर चढलंय, म्हणून चिकटत नाहीत.” मग घसा खाकरून म्हणाले, “योगायोग असेल. बरं, ते प्राचार्यांचं सोडा आता.”

“काऊन सोडू? शुक्रवारी तं लय घाई होती. चाला! कोनं घोटलं ते त्याह्यच्यासमोर सांगा.”

तिनं सरांच्या हातून बाटली घेतली आणि सर उठायच्या आत ती दाराबाहेर पडली.