सबनीस सरांनी न पाहिलेले हत्ती

उमाकांत सबनीस जयपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बेडूक उघडताना त्यांचा हात इतका हलका चाले की मुलं आपलं काम सोडून त्यांच्या बोटांकडे बघत राहायची. पण तेच सर घराला कुलूप लावून निघाले की फाटकापासून परत यायचे, कुलूप ओढून बघायचे, आणि रस्त्याला लागल्यावर पुन्हा विचारायचे, "चारू, मी ओढून बघितलं ना?" उन्हाळ्यातला गरम वारा, लू, वाहू लागली की ती बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचे. टांग्यात बसताना आधी घोड्याकडे बघायचे. परक्या घरी पाणी पीत नसत. भित्रा म्हटलं तर त्यांना राग येत नसे. "भितो म्हणून तर टिकलोय," असं म्हणायचे.

त्यांची बायको चारुलता, आमच्या चारुताई, अगदी उलट. सांगलीहून लग्न होऊन आल्या तेव्हा हिंदीचा गंध नव्हता. वर्षभरात भाजीवाल्या भैयाशी त्याच्याच बोलीत हुज्जत घालायला लागल्या. बापूनगरातल्या बायकांत सायकल शिकणाऱ्या त्या पहिल्या. एकदा शेजारणींबरोबर बसने चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला गेल्या, गर्दीत चुकामूक झाली, तर एकट्याच बैलगाडीवाल्याला हात करून टोंक रोडपर्यंत आल्या आणि दिवेलागणीला हसत घरी पोचल्या. सर तोवर पोलीस चौकीत जाऊन बसले होते.

मी त्यांच्या घरी जायला लागले ती बासष्ट साली. त्याच विभागात नवी लागले होते, सातारहून एकटीच आलेली. जयपुरात मराठी घरं तेव्हा तुरळक. कानावर आपली भाषा पडावी म्हणून मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायची. हत्तींची गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधीची. ती मला आधी चारुताईंनी सांगितली, हसत. नंतर सरांनी सांगितली, तेव्हा हसू नव्हतं.

साठच्या उन्हाळ्यात सिलोनला, कँडीजवळ, जीवशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी एक वर्ग भरला होता. सरांची निवड झाली. बायकोला बरोबर नेण्याची मुभा होती.

"मीही येते," चारुताई म्हणाल्या. "आपला मुकुंद राहील सांगलीला आजोळी."

"अगं, समुद्र ओलांडायचाय."

"म्हणूनच तर."

"आगबोटीत उलट्या होतात. तिकडचं पाणी, डास, आणि तू आजारी पडलीस तर परक्या मुलखात मी काय करू?"

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

सरांनी नाही म्हटलं ते म्हटलंच. चारुताई हट्ट करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सरांची ट्रंक भरली, लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून ठेवली आणि एवढंच मागितलं. सिलोनमध्ये एक मोठं नवं धरण झालंय आणि तिथे रानटी हत्ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जातात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. बोटीतून ते बघता येतात.

"तीजेच्या सणाला मिरवणुकीत दरवर्षी हत्ती बघते मी. सोंड रंगवलेली, अंगावर झूल, पायात साखळी," त्या म्हणाल्या. "साखळी नसलेला हत्ती कसा दिसतो ते बघून या. आणि मला सांगा."

सर मद्रासला गेले, तिथून धनुष्कोडीला, आणि आगबोटीने तलाईमन्नारला उतरले. समुद्र त्या दिवशी तळ्यासारखा शांत होता, कुणालाही उलटी झाली नाही. डेकवर एक म्हैसूरचे प्राध्यापक बायकोला मासे दाखवत उभे होते. सर आत, दारापाशी, ट्रंकेवर बसून राहिले. तेव्हाच पहिल्यांदा वाटलं, म्हणाले, की चारूला आणायला हवं होतं.

वर्ग संपल्यावर मोकळे दिवस मिळाले. बाकीचे सगळे अनुराधपूरला निघाले. सरांनाही त्यांच्याबरोबर जायचं होतं. ओळखीची माणसं, मोठा रस्ता, पायाखाली जमीन. पण बायकोनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. दोन बसगाड्या बदलून, वाटेत दिसेल त्याला विचारत, ते धरणाजवळच्या इंगिनियागलला पोचले. जन्मात पहिल्यांदा ते एकटे, भाषा न येणाऱ्या गावात, एका विश्रामगृहात झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले. दाराला आतून खुर्ची लावली होती.

सकाळी धरणाच्या काठावर मोटरबोट उभी होती. नावाड्याला इंग्रजी थोडंफार येत होतं. सरांनी त्याला विचारलं, बोट कधी उलटली होती का. तो म्हणाला, अजून नाही. बुडू नये म्हणून घालायचे बुचाचे पट्टे होते ते बाकाखाली पडलेले; सरांनी एक काढून गळ्यात घातला. बूट काढून ठेवले, पोहायला बरे पडावे म्हणून. पोहायला येत नव्हतं ते नव्हतंच.

बोटीत आणखी एक शाळामास्तर आणि त्यांची बायको होती, कोलंबोची. बाई पांढऱ्याशुभ्र केसांच्या, जाडजूड, हसऱ्या. त्यांनी सरांना पुढे, आपल्या शेजारी बसायला बोलावलं. "इथून सगळं दिसतं," म्हणाल्या. सर मधल्या फळीवर बसले, दोन्ही हातांनी बाक धरून.

पाणी फार मोठं होतं. धरण भरताना बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे अजून पाण्याबाहेर उभे होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. हे सरांनी पाहिलं, कारण बोट त्या शेंड्यांवर आपटेल की काय म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बघत होते.

मग नावाड्याने हात वर केला आणि इंजिन बंद केलं.

"एकदम शांत झालं, रमा," सरांनी मला सांगितलं. "इंजिन चालू होतं तोवर धीर होता. ते थांबलं आणि बोट आडवी हलायला लागली. पुढून बाई म्हणाल्या, बघा, बघा, येताहेत. नावाडी पुटपुटला, पिल्लू आहे बरोबर. मला ऐकू येत होतं सगळं. फुसकारे टाकत होते ते, सोंडेतून. इतक्या जवळून. मला वाटलं, बोटीखालून येतील. एक धक्का दिला की झालं."

"मग?"

"मग मी डोळे मिटले."

किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नाही. उघडले तेव्हा त्यांना आधी दिसलं ते पायाशी साचलेलं पाणी. ते बोटीला भोक पडून आलंय का, हे बघण्यात आणखी वेळ गेला. मान वर केली तेव्हा कळप बेटावर चढून झाडीत शिरत होता. शेवटच्या हत्तीची ओली पाठ दिसली, मग फांद्या हलताना दिसल्या, मग तेही नाही. शाळामास्तरांची बायको डोळे पुसत होती. तिने वळून सरांचा हात दाबला आणि म्हणाली, "आपण भाग्यवान." सरांनी मान हलवली.

जयपूरला पोचल्यावर चारुताईंनी त्यांना आंघोळीलाही जाऊ दिलं नाही. समोर बसवलं.

"हं, सांगा आता."

सरांनी सांगायला सुरुवात केली. सोंड नळीसारखी पाण्याबाहेर धरून हत्ती श्वास कसा घेतो, एवढं वजन पाण्यावर कसं तरंगतं, पिल्लाला मादी कशी आधार देते. चारुताई ऐकत होत्या.

"पाण्यातून बाहेर आला की रंग कसा दिसतो त्याचा?"

"काळा," सर म्हणाले. "ओल्या पाटीसारखा."

"आणि पोहताना डोळे? उघडे असतात?"

पंधरा वर्षं शिकवणारा माणूस, काहीतरी ठोकून देणं अवघड नव्हतं. पण चारुताई त्यांच्याकडे अशा बघत होत्या की त्यांना खोटं सुचेना.

"त्यांचे माहीत नाहीत," ते म्हणाले. "माझे मिटलेले होते."

चारुताई हसल्या. पोट धरून हसल्या. हसता हसता थांबल्या आणि उठून आत गेल्या, आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. जेवायला वाढताना म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मी येते. तुम्ही खुशाल डोळे मिटा. मी बघते."

सरांनी कबूल केलं. मनापासून कबूल केलं. पण त्या वर्षी सरांच्या आईला अर्धांगवायू झाला आणि त्यांना सांगलीहून जयपूरला आणलं. दोन वर्षं चारुताई त्यांच्या उशापायथ्याशी होत्या. मी रविवारी जायची तेव्हा सासूबाईंना भरवता भरवता त्या मला विचारत, आगबोट कुठून कुठे जाते, वेळ किती लागतो. सगळं त्यांना तोंडपाठ होतं, तरी विचारत.

सासूबाई गेल्या त्याच हिवाळ्यात चारुताई सायकलवरून पडल्या. बाजूने आलेला टांगा त्यांना दिसलाच नव्हता. आम्ही सगळ्यांनी टांगेवाल्याला दोष दिला. महिन्याभरात त्या दाराच्या चौकटीला धडकल्या, मग शेजारच्या मुलाला. ओळखीच्या एका मराठी डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू होता. डोळ्यांच्या कडेची नजर गेली होती, उरलेली वाचवायची तर ऑपरेशन करायला हवं, आणि लवकर, असं ते म्हणाले.

चारुताई म्हणाल्या, "करा."

सर म्हणाले, "जरा थांबू. डोळ्याचं काम आहे."

दिल्लीच्या डॉक्टरांचं मत घेतलं. त्यांनीही तेच सांगितलं. मग उन्हाळा आला, धुळीत जखम चिघळेल. मग पावसाळा आला. मग कुणीतरी एका वैद्याचं नाव सांगितलं आणि सरांनी तुपाची औषधं आणली. मी एकदा बोलले, "सर, डॉक्टर लवकर म्हणाले होते." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की ते रोज स्वतःला हेच सांगत असणार आणि रोज त्यांचं धाडस होत नसणार. चारुताईंनी पुन्हा विषय काढला नाही. त्याचं मला फार नवल वाटायचं. चाकसूहून एकटी येणारी बाई स्वतःच्या डोळ्यांसाठी भांडली नाही. एकदा मी विचारलंच.

"माझ्यावर सुरी चालली तर तेच मरतील गं," त्या म्हणाल्या. "त्यांना तयार होऊ दे."

चौसष्ट संपता संपता रेडिओवर वादळाची बातमी आली. धनुष्कोडी वाहून गेलं, धक्का गेला, उतारूंनी भरलेली गाडी समुद्राने गिळली. त्या रविवारी आम्ही तिघं रेडिओभोवती बसलो होतो. चारुताई त्या गाडीतल्या माणसांबद्दल बोलत राहिल्या. लेकरं असतील, म्हणाल्या. आगबोटीचं नाव सरांनीच काढलं, "आता ती वाट बंद झाली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांनी ऑपरेशनला होकार दिला. ते नीट पार पडलं. पण गेलेली नजर परत येत नसते, आणि मधल्या काळात बरीच गेली होती. चारुताईंना उजेड कळायचा, माणूस उभा आहे एवढं कळायचं. सरांनी डॉक्टरांना विचारलं, आधी केलं असतं तर? डॉक्टर भले होते. "सांगता येत नाही," म्हणाले. सर घरी आले आणि त्यांनी कुलूप काढून कडीला तसंच लोंबत सोडलं. चारुताई आत गेल्या तरी ते ओसरीवर उभेच होते.

सहासष्टच्या पावसाळ्यानंतर सर एका रविवारी म्हणाले, "चला, रामगढला जाऊ." तलाव भरला होता, बोटी होत्या. मला वाटलं, चारुताईंनी सुचवलं असेल, तसं नव्हतं. सरांनीच नावाडी ठरवला, चारुताईंना हात धरून पुढच्या बाकावर बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसले. बुचाचा पट्टा वगैरे काही नव्हतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण डोळे उघडे होते.

"काय आहे समोर?" चारुताईंनी विचारलं.

"बदकं आहेत. उत्तरेकडून आलेली. नराची मान हिरवी असते, मादी..."

"अहो," चारुताई म्हणाल्या, "हे पुस्तकातलं झालं. तुम्हाला दिसतंय काय?"

सर अडखळले. बघत राहिले. मग हळू म्हणाले, "एक बदक एकीकडे आहे. बाकीची त्याच्यापासून लांब. ते मान वळवून पाठीत चोच खुपसतंय. आता बुडालं. फक्त शेपूट दिसतंय." थोडं थांबून, "आलं वर. डोकं झटकलं त्यानं."

चारुताई ऐकत होत्या. त्यांनी हात पाण्यात सोडला. "मगरी आहेत इथे," सर पटकन म्हणाले. त्यांनी हात काढला नाही.

परतताना चारुताईंना बसमध्ये झोप लागली. मला वाटलं होतं, सर समाधानात असतील. ते खिडकीबाहेर बघत होते.

अडुसष्टला माझं लग्न ठरलं आणि मी जयपूर सोडणार होते. निरोपाच्या जेवणाला गेले तेव्हा संध्याकाळ होती, चारुताई स्वयंपाकघरात होत्या. ओसरीवर सर आणि मी. ते स्वतःहून बोलायला लागले.

"हत्ती दिसले नाहीत, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, रमा. शिकवण्यापुरतं मला ते माहीत आहेत. त्या कोलंबोच्या बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते मात्र मी बघितलं. त्यांचा नवरा हत्तींकडे बघत नव्हता, बाईंकडे बघत होता. मला तिथे चारू हवी होती. तिचा चेहरा मला बघायचा होता, ती ते बघताना. आता कुठेही नेलं तरी..."

वाक्य त्यांनी सोडून दिलं. खोटा धीर देण्याचं माझं वय नव्हतं आणि त्यांचंही घेण्याचं नव्हतं.

आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. चहा ठेवायला चारुताई उठल्या होत्या. काडेपेटी चाचपडल्याचा आवाज, एक काडी ओढल्याचा, ती विझली बहुतेक, मग दुसरी. सर उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. चौकट धरून उभे राहिले. चारुताईंनी तिसरी काडी ओढली आणि रॉकेलचा भडका झाला, त्यांच्या बोटांपासून जेमतेम लांब. सरांनी तोंड उघडलं. पण ते काही बोलले नाहीत, हात पुढे केला नाही. भडका खाली बसून निळा होईपर्यंत तसेच बघत उभे राहिले.