चढ मोजायला आणलेला माणूस

बॅटरीच्या गाडीत मागची सीट रिकामी होती. तरी मी गाडीमागून चालत होतो. खांद्यावर गोल्फच्या काठ्यांनी भरलेली बॅग.

"परत खाली जा. आता न थांबता वर ये," गाडीतून इंजिनिअर म्हणाला.

कतारची जमीन तव्यासारखी सपाट. पण खेळणाऱ्यांना चढउताराची मजा हवी, म्हणून आम्ही डंपरने माती आणून टेकड्या रचत होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी रोलर चालवायचो. मैदानाचा आराखडा काढणारा गोरा साहेब पाहणीला आला होता. चेंडू एका भोकात घालून पुढच्या भोकाचा खेळ जिथून सुरू होतो तिथे जायचं, तर तो चढ पायी जमतो का, वयस्कर खेळाडूला धाप लागते का, हे त्याला बघायचं होतं. मग स्वतः चालायचं ना! पण ऊन होतं. इंजिनिअरने मला पुढे केलं.

हा इंजिनिअर पुण्याचा. दोहा शहरात अल हिलाल भागात बायकामुलांसह राहायचा. पहिल्या भेटीत त्याची मराठी ऐकून मी हुरळलो. त्याने गाव विचारलं, मग आडनाव, मग वडील काय करतात ते. आपला माणूस समजून मी सगळं सांगून बसलो. वडील देवीच्या डोंगरावर डोली वाहायचे. भाविकांना खुर्चीत बसवून खांद्यावरून वर न्यायचे. आडनाव कळल्यावर तो मला अरेतुरे करू लागला. मला मूर्खाला ती जवळीक वाटली.

मी धापा टाकत पुन्हा वर येत होतो. तो गोऱ्याला इंग्रजीत सांगत होता, याच्या बापाने जन्मभर माणसं डोंगरावर वाहिली, हा दमायचा नाही. दोघे हसले. मग मला म्हणाला, "काय रे, तुमच्या रक्तातच आहे ना हे? यल्ला, चल, अजून एकदा."

माझं डोकं सणकलं. वडिलांच्या खांद्यावरचा घट्टा डोळ्यांपुढे आला. तो रक्तातून आला नव्हता. लोकांनी बसून बसून आणला होता.

मी चढावरच बॅग खाली ठेवली.

"उचल."

"नाही."

"गावचं तिकीट काढू का तुझं?"

माझा पगार सुरू झाला तेव्हा कुठे वडिलांनी डोली सोडली होती. मी परत गेलो तर ते पुन्हा डोलीखाली खांदा देणार, हे मला ठाऊक होतं.

"काढा," मी म्हणालो.

काय झालं, असं गोऱ्याने विचारलं. इंजिनिअर हसून म्हणाला, "नथिंग, सर. ही इज टायर्ड."

एवढं इंग्रजी मला कळत होतं.

"नो टायर्ड, सर!" मी ओरडलोच. "आय नॉट वॉक."

तिकीट काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी रोलर काढून घेतला आणि पाइपासाठी चर खणायला लावलं. खणले. घाम गाळायची मला कधीच लाज वाटली नाही. पण दुसऱ्याच्या खेळात किती धाप लागेल, हे बघायला माझी छाती मिळणार नाही. माझ्या बापाची मिळणार नाही. माझ्या पोरांची तर मागायलाही कुणी येऊ नये.