दुधनीच्या पुढचं पेव

सोलापूरहून दुधनीची एसटी सकाळी सुटली. भवानी पेठेत कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या एका बाईंनी मला त्यांची ज्वारी येते त्या शेतकऱ्याचं नाव-गाव सांगितलं होतं. पुण्यामुंबईत ज्वारीला मागणी वाढल्यापासून तिकडे काय बदललं, ते मला बघायचं होतं.

दुधनीपासून पुढे रिक्षा केली. भर दुपारी गावात चिटपाखरू नव्हतं. बंद दारांआडून भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता, बोलणं कुठेच नाही. त्या शेतकऱ्याच्या, मल्लप्पांच्या अंगणात शिरले आणि पायाखालची जमीन पोकळ वाजली.

"ब्याड! (नको!)" दारातून त्यांच्या पत्नी गंगव्वा ओरडल्या. "तितं उभं राहू नका."

मी मागे सरकले. खाली पेव (धान्य साठवायचं भुयार) होतं, वर दगडी झाकण.

त्यांनी जेवायला बसवलं. ताटात भात-आमटी. चुलीजवळ भाकऱ्यांची चळत होती, पण तिकडे कुणाचाच हात गेला नाही.

"त्या शहराकडं जात्यात," मल्लप्पा म्हणाले. "आमच्या घरात न्हाय खात कोन."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. रेशनचा गहू-तांदूळ आला, लोकांची भाकरी सुटली, ज्वारीला गिऱ्हाईक उरलं नाही. पेव चार वर्षं बंदच राहिलं. एक दिवस व्यापारी दारात उभा. शहरात मधुमेहाचे पेशंट ज्वारी मागतात, आजच गाडी भरा.

"पेव उघडलं की दिसभर वारं लागू द्यायचं असतंय. कंदील सोडून बघायचा असतोय, इझला तर आत हवा वंगाळ, उतरायचं न्हाय. पर गाडी हुबी हुती की. धाकटा भाऊ उतरला. खालनं म्हनला, 'अण्णा, लई गरम हाय हितं.' मी परत हाक मारली, तर आवाजच न्हाय."

मी विचारलं, "मग ती ज्वारी?"

"चार दिसानं नेली. लई चांगली निघाली."

निघताना मी वाकून त्या झाकणाला हात लावला. सावलीत असूनही दगड गरम होता.

पुण्याला घरी पोचले तेव्हा आई जेवत होती. डॉक्टरांनी सांगितल्यापासून तीही भाकरीच खाते. आम्ही काय खायचं सोडलं आणि काय पुन्हा धरलं, ते त्या गावाला दारात आलेल्या गाडीवरूनच कळलं होतं. मी आईला सगळं सांगितलं. तिने उरलेली भाकरी टाकली नाही, सावकाश संपवली.

"त्या भावाचं नाव काय गं?" तिने विचारलं.

मी विचारलंच नव्हतं.