पुढची येतेच

दर्यापूरहून येऊन मी मूर्तिजापूरच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होते. छातीतली गाठ कॅन्सरची आहे, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दीर म्हणाले, अजून एकाला दाखवा. नणंद म्हणाली, उगाच वेळ घालवू नका. मला मेलीला दोघांचंही पटत होतं.

बाकावर शेजारी एक साठीचा माणूस होता. अमरावतीची गाडी लागली की तो उठायचा, गळ्याभोवती दुपट्टा घट्ट गुंडाळायचा, दोन पावलं जायचा आणि परत येऊन दुपट्टा सोडत म्हणायचा, "पुढची येतेच."

शेवटी त्यानंच विचारलं, "ताई, अमरावतीचे डॉक्टर कसे हायेत? अकोल्याच्यानं मले घशाचा कॅन्सर सांगतला."

मला हसू आलं. "मले अमरावतीच्यानं सांगतला," मी म्हटलं. "म्हणून अकोल्याले चालली."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "मंग आपून दोघं कावून चाललो?"

"खात्री करायले."

"तेच तं भेव हाय," तो म्हणाला. "आता एकच डॉक्टर सांगून राहिला, तं वाटते, चुकला असन. दुसऱ्यानंही तेच सांगतलं, तं मंग काय वाटून घेऊ?"

तेवढ्यात अकोल्याची गाडी लागली. त्यानं माझी पिशवी उचलून हातात दिली. "जा ताई, तुमची आली."

मी पिशवी मांडीवर घेतली.

"पुढची येतेच," मी म्हटलं.